सातचा फोन

सोमवार, ३ फेब्रुवारी

साहेबांनी फर्मान काढलंय, नव्या कामाची रोजची नोंद ठेवा. ठेवतो. पण ऑफिसच्या नोंदीत ‘कंटाळा आला’ असं लिहिता येत नाही, म्हणून ही घरची वही.

काम असं आहे. गावाला पाणी पुरवणारं तळं गावापासून बरंच लांब. त्याच्या काठावर एक खोली, खोलीत पाण्याची पातळी दाखवणारं यंत्र, आणि ते यंत्र सांभाळायला एक माणूस. सगळे त्यांना तळ्यावरचे म्हणतात. रोज संध्याकाळी सातला ते माझ्या घरी फोन करून पातळीचा आकडा सांगतात आणि तो बघून रात्री किती पंप चालवायचे ते मी ठरवतो. ऑफिस साडेपाचला बंद होतं, म्हणून फोन घरी. आणि मी सातला घरी कधीच नसतो, कुठल्या तरी खड्ड्यात फुटक्या पाइपाशेजारी उभा असतो, म्हणून फोन ताई घेते. आकडा पाटीवर लिहून ठेवते. गेली कित्येक वर्षं हे असंच चाललंय.

आता ऑफिसात कॉम्प्युटर आलाय. साहेबांनी त्याला स्वतःच्या हाताने प्लॅस्टिकचा अंगरखा चढवलाय, रोज काढतात, रोज घालतात. त्याच्याबरोबर दोन मोडेम आलेत. मोडेम म्हणजे एक चपटा डबा, टेलिफोनच्या तारेवरून आकडे धाडणारा. एक डबा इथे कॉम्प्युटरला, दुसरा तिथे यंत्राला. कॉम्प्युटर सातला आपणहून तळ्याला फोन लावणार, तिकडचा डबा फोन उचलणार, आकडा इकडे पडद्यावर. आता रात्रपाळीला एक कारकून नेमलाय, तो आकडा बघून पंप लावेल. मधे कोणी नको. वीस तारखेला वरचे लोक बघायला येणार आहेत, तोवर हे झालं पाहिजे.

मी मीटर दुरुस्त करणारा माणूस. कॉम्प्युटरचा मला गंध नाही. साहेब म्हणाले, “तुम्ही शिकाल हो.” ते म्हणाले म्हणजे झालंच.

ताईला सांगितलं, तुझी या कटकटीतून सुटका होणार. ती अण्णांच्या कपड्यांच्या घड्या करत होती.

“मी कधी म्हटलं कटकट आहे?”

“म्हणाली नाहीस, पण आहेच ना. रोज सातला घरात अडकून पडायचं.”

“मी कुठे जाणार आहे सातला, बाळ्या?”

हेही खरंच. अण्णा पलंगावरून “छे!” म्हणाले. झटका आल्यापासून अण्णांचा उजवा हात गेला, वाचाही गेली. दोनच शब्द उरलेत, ‘हां’ आणि ‘छे’. कुठला कशासाठी ते फक्त ताईला कळतं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

दिवसभर दोन मोडेम टेबलावर समोरासमोर ठेवून बसलो. बोलेनात. पुस्तक अशा भाषेत लिहिलंय की लिहिणाऱ्याला तरी कळलं असेल का याची शंका येते. शेवटी कळलं की केबलमधल्या दोन तारा उलट जोडल्या होत्या, म्हणजे दोघंही बोलत होते आणि ऐकत कोणीच नव्हतं. तारा बदलल्या. मग दोन्ही डबे एकमेकांवर असे किंचाळले की शेजारच्या खोलीतून टायपिस्टबाई धावत आल्या. त्या म्हणाल्या, “काय मांजर सापडलंय का दारात?”

डोकं दुखतंय. जेवलो नाही. ताईने अर्धा कप दूध समोर आणून ठेवलं आणि पिऊन होईपर्यंत उभी राहिली.

शनिवार, ८ फेब्रुवारी

तळ्यावर जाऊन डबा बसवून आलो. शेवटच्या स्टॉपनंतर चालायचं, तेही हातात मोडेमचं खोकं घेऊन. माझे गुडघे आता या नोकरीचे राहिले नाहीत.

तळ्यावरच्यांना मी फोनवर ओळखतो, समोर दोन-चारदाच पाहिलंय. बुटकासा माणूस, डोक्यावर केस बेताचेच, आवाज मात्र रेडिओवर शोभावा असा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. खोली लख्ख ठेवलेली. टेलिफोन खिडकीत, त्याच्यासमोर एक खुर्ची, खुर्चीवर उशी. बाकी घरात दुसरी उशी दिसली नाही, कॉटवरही नाही.

मी तारा जोडत होतो तेव्हा त्यांनी विचारलं, “अण्णांचा खोकला थांबला का?”

मी चाट पडलो. “तुम्हाला कसं माहीत?”

“ताई बोलल्या होत्या.”

लोक बऱ्यापैकी चौकशी करतात, माझी मात्र कोणी करत नाही. मी सगळं समजावून सांगितलं. मंगळवारपासून कॉम्प्युटर आपला आपण आकडा घेईल. तुमची नोकरी कुठे जात नाही, झडपा आहेत, राखण आहे, फक्त सातचा फोन करायचा नाही.

“अजिबात नाही?”

“अजिबात नाही. सुटलात.”

ते म्हणाले, “ताईंना सांगितलंत?”

“सांगितलं. तीही सुटली.”

यावर ते चहा टाकायला उठले. चहात साखर घालायची राहिली. मी तसाच प्यायलो.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज दुपारी पहिला फोन लावला. घंटा, मग तिकडून किंचाळी, इकडून किंचाळी, आणि पडद्यावर आकडा! साहेबांनी टाळी वाजवली. मलाही, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. इतकी वर्षं मीटर उघडून मीटर बंद केले, कोणी टाळी वाजवली नव्हती. पुन्हा लावला, पुन्हा आला.

आणि सातला एंगेज.

पाच-पाच मिनिटांनी लावत राहिलो. एंगेज, एंगेज, एंगेज. पावणेआठला लागला. साहेब तोवर बायकोला दोनदा फोन करून ‘निघतोच आहे’ म्हणाले होते.

घरी येऊन ताईला विचारलं, तळ्यावरच्यांचा फोन आला होता का? म्हणाली, “आला होता. सवयीने केला असेल. आकडा सांगितला न् ठेवला.” पाटीवर आकडा होताच. पण आकडा सांगायला लागतो किती वेळ! म्हणजे फोन ठेवल्यावरही लाइन अडकून राहते आहे. दोष लाइनचा आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आजही तेच. दुपारी ठणठणीत, सातला एंगेज. मधे घरी सांगावं की उशीर होईल, म्हणून घरचा नंबर लावला, तर तोही एंगेज! आता मात्र पक्कं कळलं. तळ्याची आणि आमच्या घराची लाइन एकाच एक्स्चेंजमधून जाते. संध्याकाळी तिथेच काहीतरी बिघडतं. साहेबांना कागदावर चित्र काढून समजावलं. त्यांनाही पटलं. उद्या तक्रार करतो.

घरी आलो तर अण्णा आणि ताई दोघंही खुशीत. अण्णांना हसू आवरत नव्हतं, एका बाजूनेच हसतात बिचारे. मी म्हटलं, “काय झालं एवढं?” ताई म्हणाली, “काही नाही रे, तळ्यावर एक बगळा आलाय, तो त्यांच्या चपलेवरच बसतो.” मी एंगेजच्या धसक्यात होतो, बगळ्याचं मला काय!

शनिवार, १५ फेब्रुवारी

लाइनमन आला. तोंडात लवंग, कमरेला पक्कड, चेहऱ्यावर सगळं आधीच माहीत असल्याचा भाव. आमच्या घरची लाइन तपासली, कानाला लावून ऐकली. म्हणाला, “काका, लाइन ठणठणीत आहे.”

“मग रोज सातला एंगेज कसा येतो?”

“एंगेज कधी येतो? कोणी बोलत असलं की येतो.”

“अहो, आकडा सांगायला अर्धं मिनिट लागतं!”

तो ताईकडे बघून हसला. ताईने त्याला पाणी दिलं आणि आत निघून गेली. तो म्हणाला, “तळ्याची पण बघितली मी काल. तीही ठणठणीत.” आणि गेला. या लोकांना काम करायला नको. वीस तारीख डोक्यावर आलीय आणि हा लवंग चघळत हसतोय.

नवी केबल टाकली. मोडेमचा वेग निम्मा केला. अर्थिंगची तार बदलली. नाकी नऊ आले.

सोमवार, १७ फेब्रुवारी

स्वतःच्या डोळ्यांनी बघावं म्हणून आज संध्याकाळी तळ्यावर जाऊन बसलो. न सांगता गेलो. तळ्यावरचे इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून बसले होते. म्हटलं, “कुठे निघालात का?” म्हणाले, “नाही, इथेच.”

सात वाजत आले तसे ते खुर्चीवर जाऊन बसले, माझ्याकडे बघितलं, उठले, पुन्हा बसले. आणि फोन उचलून नंबर फिरवला.

मी ओरडलोच. “अहो! हेच! उचलू नका म्हटलं होतं ना? तुम्ही फोन उचललात की कॉम्प्युटरला एंगेज मिळणारच!”

तोवर तिकडे ताईने उचलला होता. हे उभे राहून म्हणाले, “दोन मीटर चाळीस.” मग नुसतंच रिसीव्हर धरून राहिले.

“झालं?” मी विचारलं.

“झालं,” ते म्हणाले आणि ठेवला.

“सवय असते हो,” मी म्हटलं, “पण आमच्या जिवाशी येतंय.” रोजच उचलत असणार आणि नीट ठेवत नसणार, त्यातून लाइन अडकत असणार. नसता ताप. मी टेलिफोनची तार काढली आणि फोन पिशवीत घातला. आता भिंतीत फक्त मोडेमची तार. मोडेमला आज्ञा दिली, पहिली घंटा वाजली की उचल.

ते बघत होते. म्हणाले, “मला कोणाला बोलायचं झालं तर?”

“सायकल आहे ना तुमच्याकडे!”

जरा तोडून बोललो, हे आत्ता लिहिताना कळतंय. पण माझीही कंबर मोडलीय. परतताना बस चुकली.

गुरुवार, २० फेब्रुवारी

झालं एकदाचं. वरचे चौघे आले, कॉम्प्युटरसमोर उभे राहिले. सातला मोडेम किंचाळला आणि पडद्यावर आकडा उमटला. त्यातले सर्वांत जाडे गृहस्थ म्हणाले, “वा! म्हणजे माणूस पूर्णच गेला मधून.” साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, “यांची मेहनत.”

आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण झोपेच्या खाली कुठेतरी. घरी येऊन ताईला सांगितलं, सगळे वा वा म्हणाले. ती म्हणाली, “छान झालं.” अण्णांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

घरात काहीतरी बिनसलंय. भात करपला. ताईच्या हातचा भात कधी करपत नाही, तिचा जन्मात करपला नव्हता. मी वरवरचा खाल्ला. अण्णा जेवलेच नाहीत, ताटाला हात लावून “छे”. मी म्हटलं, “ताई, बरं नाही का?” म्हणाली, “बरं आहे.” म्हटलं, “दमलीस?” म्हणाली, “दमायला काय करते मी?”

फोनशेजारची पाटी तिने धुऊन, पुसून, कपाटावर टाकून दिलीय. कामच उरलं नाही तिचं. माणसाला रिकामपण सोसत नाही म्हणतात, तसं असेल. तिला म्हटलं, एखादं विणकाम वगैरे घे. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पेपर उघडला.

बुधवार, २६ फेब्रुवारी

तळ्यावरचे सायकल हाणत ऑफिसात आले. घामाने निथळत होते. मला वाटलं झडप फुटली. ते म्हणाले, “यंत्राला फोन येतोय.”

“येणारच. कॉम्प्युटरचा.”

“तो सातला येतो. त्याच्या जरा आधी आणखी एक येतो. रोज. अर्धी घंटा वाजते न् तुमचा डबा उचलून किंचाळायला लागतो. मी काही करू शकत नाही, माझ्याकडे फोनच नाही.”

“राँग नंबर असेल कोणाचा.”

“रोज?”

“काही लोकांना कळत नाही हो लवकर.”

ते खुर्चीवर बसले नाहीत. टोपी काढून पुन्हा घातली. “ताई बऱ्या आहेत ना?”

“आहे की बरी.”

“आणि अण्णा?”

“तेही.”

एवढ्यासाठी सायकलवरून एवढं आले. विचित्रच माणूस. एकटं राहून राहून होतं असं. मला एकदम त्यांची दया आली, पण काम होतं म्हणून निरोप दिला.

शनिवार, १ मार्च

ताप आहे, तरी लिहितो. नाही लिहिलं तर डोकं फुटेल.

दुपारीच ऑफिसातून आलो आणि आतल्या खोलीत पडलो. गोळी घेतली. ताईला वाटलं मी झोपलोय. दार अर्धं उघडं. संध्याकाळी बाहेर दिवा लागला, आणि मला फोनची तबकडी फिरवल्याचा आवाज आला. ताई कोणाला फोन करत नाही. कोण आहे आम्हाला फोन करण्यासारखं?

तबकडी थांबली. आणि रिसीव्हरमधून, ती कानाशी धरून उभी असूनही मला आतल्या खोलीत ऐकू आली, अशी किंचाळी आली. मी तो आवाज मेलो तरी ओळखेन. तो माझा मोडेम होता. मी बसवलेला, मी पहिल्या घंटेला उचलायला लावलेला.

मला वाटलं, दचकून ठेवेल. तिने ठेवला नाही. ती ऐकत उभी राहिली. तो डबा शिट्ट्या मारून, खरखरून, पलीकडे कॉम्प्युटर नाही हे कळून आपला आपण बंद पडेपर्यंत उभी राहिली. मग हळूच ठेवला, आवाज न करता, मी झोपलोय म्हणून.

अण्णा म्हणाले, “हां.” ताई म्हणाली, “हां काय अण्णा, आज पण नाही.”

मी गाढव आहे. काय काय डोळ्यांसमोर आलं. एंगेज. घरचाही एंगेज. लाइनमन हसला तो. बगळा. इस्त्रीचा शर्ट. खुर्चीवरची उशी! चार कपाटं भरतील एवढे मीटर उघडले मी आयुष्यात, आणि स्वतःच्या घरातली एक गोष्ट दिसली नाही. एक्स्चेंजचं चित्र काढून दाखवलं साहेबांना, चित्र!

रविवार, २ मार्च

ताई देवळात गेली, तेव्हा अण्णांना विचारलं. “तुम्हाला माहीत होतं?”

“हां.”

“किती दिवसांपासून?”

त्यांनी डावा हात हवेत फिरवला, बराच मोठा. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “छे.” म्हणजे तुला नाही कळलं. किंवा तुला नाही कळणार. ताई असती तर सांगितलं असतं तिने.

आता काय करायचं? सोपं आहे, म्हणजे करायला सोपं आहे. फोन परत लावायचा, कॉम्प्युटरची वेळ बदलायची. एक संध्याकाळ लागेल.

पण त्याच्या पुढचं? नुसतं बोलून थांबतं का हे? सत्तेचाळीस वर्षांची झाली ताई. आई गेली तेव्हा तिला स्थळं यायची, ती म्हणाली अण्णांचं न् बाळ्याचं कोण करणार. मग स्थळं यायची थांबली. आम्ही दोघांनीही ‘कर हो लग्न’ असं एकदाही म्हटलं नाही. मी तर नाहीच म्हटलं. आणि आता ती गेली तर? अण्णांना आंघोळ कोण घालणार? मी? मला माझी मोज्यांची जोडी सापडत नाही.

तिला काही बोललो नाही. फोन न लावताच ठेवला तर कोणाला कळणार आहे? आपोआप विसरतील दोघं. माणसं विसरतात. हे असं मी लिहितोय, आणि लिहिताना माझी मलाच शिसारी येतेय. तरी लिहितोय.

मंगळवार, ४ मार्च

आज मुद्दाम लवकर घरी आलो. ताईने सातच्या आधी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी. मी घरी असताना तिला तो आवाजही ऐकता येत नाही.

गुरुवार, ६ मार्च

गेलो शेवटी. साहेबांना सांगितलं, सातला त्या लाइनवर खरखर असते, वेळ नऊ करू या. साहेब म्हणाले, “परवापर्यंत तर छान येत होतं.” मी म्हटलं, “हवा बदलली.” त्यांना काय कळतंय. कॉम्प्युटरला नऊची वेळ दिली आणि फोन पिशवीत घालून तळ्यावर गेलो.

तळ्यावरचे दारातच भेटले. पिशवीतून टेलिफोन काढला तसे ते बघतच राहिले. मी जोडला. कानाला लावून बघितला, आवाज आला. मोडेमला नवी आज्ञा दिली: दहा घंटा वाजू दे, कोणी उचललाच नाही तर मग उचल.

“यंत्र बिघडणार नाही?” त्यांनी विचारलं.

“नाही. ते आता नऊला बोलेल. सातला तुम्ही बोला.”

ते खाली बघत म्हणाले, “तो राँग नंबर नव्हता ना?”

“नव्हता.”

त्यांनी चष्मा काढला. पुसला, घातला, परत काढला. मला कुठे बघावं कळेना, मी पातळी बघितली. उगाचच.

“मी त्यांना पाहिलेलं नाही,” ते म्हणाले. “तुम्हाला वाटेल, या वयात काय हे. पण मी त्यांना एकदाही पाहिलेलं नाही. पहिली दोन वर्षं तर नुसता आकडाच सांगायचो. एकदा त्यांनी विचारलं, जेवलात का. मला कोणी विचारलं नव्हतं हो बरेच दिवस.”

मी म्हटलं, “माफ करा. त्या दिवशी सायकलचं बोललो ते.”

“छे छे, सायकल आहेच माझ्याकडे,” म्हणाले. आणि दोघंही हसलो. चहात या खेपेला साखर जास्त.

शुक्रवार, ७ मार्च

संध्याकाळी सहालाच पायात चपला घातल्या. ताई म्हणाली, “आता कुठे?” म्हटलं, “पाय मोकळे करून येतो.” म्हणाली, “तू? पाय मोकळे?” म्हटलं, “हो, मी.” बाहेर जाऊन कोपऱ्यावर उभा राहिलो. तिथून आमची खिडकी दिसते. सात वाजले. ऐकू येणं शक्य नाही, पण खिडकीत ताई धावताना दिसली. धावताना. मी तिला लहानपणानंतर धावताना बघितलेलं नाही.

बराच वेळ उभा होतो. पानवाला विचारायला लागला, कोणाची वाट बघताय? आठच्या पुढे घरी आलो. ती अजून बोलत होती. मला बघून चपापली, मग बोलतच राहिली. “हो ना, करपला. एकदा नाही, तीनदा!” असं सांगत होती, आणि हसत होती.

नंतर मला म्हणाली, “तू फोन परत लावलास.”

“लाइनला खरखर होती.”

“कसली खरखर?”

“होती एक,” मी म्हटलं. तिने माझ्या डोक्यावर टपली मारली. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या डोक्यावर.

रविवार, १६ मार्च

सकाळी ताई म्हणाली, “मी तळं बघून येते.” एवढंच. निळी साडी नेसली, बदलली, दुसरी नेसली, परत निळीच नेसली. मला सूचना: अण्णांना अकराला औषध, बाराला मऊ भात, एकला कुशीवर वळवायचं. मी मान हलवत राहिलो.

औषध दिलं. भात पातळ झाला, अण्णांच्या सदऱ्यावर निम्मा सांडला. कुशीवर वळवायला गेलो तर ते वळेनात, मीच त्यांच्या अंगावर पडलो. अण्णा हसून हसून बेजार. मला मात्र रडायला आलं, आणि मग त्यांनाही. दोघं तसेच पडून राहिलो.

ताई दिवेलागणीच्या आधी आली. चपला चिखलाने भरलेल्या, चेहरा उन्हाने लाल. मी विचारलं, “कसे आहेत?”

“बुटके आहेत रे!” ती म्हणाली. “आवाजावरून मला उंच वाटायचे. केस पण नाहीत. मला बघून त्यांना बोलताच येईना. मग मीच म्हटलं, जरा पलीकडे तोंड करून बसू या दोघं, म्हणजे फोनसारखं वाटेल. तसे बसलो, मग बोलले.”

“काय बोलले?”

ती अण्णांचा सदरा बदलत होती. माझ्याकडे पाठ होती. “विचारलं त्यांनी.”

“आणि तू?”

“म्हटलं, बाळ्याला विचारून सांगते.” मग वळली. “ते इथेही येऊन राहतील म्हणाले. पण त्यांना तळ्यावरच राहायला लागणार, नोकरी आहे. तेव्हा मलाच तिकडे... आठवड्यातून दोनदा येईन मी. तीनदा येईन. तुला चालेल ना?”

मी म्हटलं, “चालेल की. न चालायला काय झालंय!” तिने जरा वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं. मी पेपर उघडला. ती “बरं” म्हणाली आणि फोनकडे गेली, सात वाजले होते.

चालणार नाही. अजिबात चालणार नाही मला. भात लावता येत नाही, अण्णांना वळवता येत नाही, आणि ती नसलेल्या घरात मी आजवर एक रात्र काढलेली नाही. हे इथे लिहिलं, तिला सांगणार नाही. उद्या ऑफिसात उशिरा येतो म्हणून कळवायचं आहे. अण्णांना कुशीवर कसं वळवायचं ते सकाळी ती शिकवणार आहे.